सुखाचं मशीन मिळालं तर आत जाल का? प्रामाणिक उत्तर द्या

गायमुख_लोकल (कासारवडवली, ठाणे):

मंडळी, प्रश्न जरा येडपट आहे पण घरात त्याच्यावरून वातावरण तापलंय म्हणून इथे टाकतोय. रविवारी भाचा जेवायला आला होता, तो फिलॉसॉफी घेऊन बीए करतोय (का ते विचारू नका, आमच्या ताईलाही माहीत नाही) आणि जेवताना त्याने विषय काढला की मामा, समजा एक मशीन आहे, त्यात झोपायचं, डोक्याला वायरी लावणार, की पुढचं आख्खं आयुष्य तुम्हाला पाहिजे तसं जगायला मिळणार. क्रिकेट खेळायचंय तर वानखेडेवर सेंच्युरी, गायचंय तर गडकरी रंगायतन हाऊसफुल्ल. आणि आत गेल्यावर हे मशीन आहे हे आठवणारच नाही, सगळं शंभर टक्के खरंच वाटणार. बाहेर मात्र तुम्ही एका टाकीत पडलेले. जाल का?

मी वरणभात कालवता कालवता म्हटलं, जाणार. बुकिंग कधी चालू होतंय ते सांग.

आता माझी पण बाजू बघा. सकाळी घोडबंदर रोडवर मेट्रोच्या खांबांकडे बघत बसायचं, ती मेट्रो होईपर्यंत मी रिटायर होईन असं वाटतं, मग अंधेरीला जाऊन दिवसभर एक्सेलमध्ये डोकं घालायचं, मग परत तोच रस्ता, घराचा हप्ता, आईचे गुडघे, सोसायटीत टँकरच्या पाण्यावरून भांडणं. यात दिवसाला अर्धा तास सुखाचा निघाला तरी नशीब. मग कोणी चोवीस तास देतोय तर नाही कशाला म्हणू?

तर बायको ताट घेऊन आत गेली ती गेलीच. रात्री म्हणाली, "म्हणजे आम्ही नसलो तरी तुला चालणार आहे, असल्यासारखं वाटलं की झालं." मी म्हटलं अगं मशीनमध्ये पण तू असशीलच की, उलट मस्त मूडमध्ये असशील. त्यावर तर जास्तच पेटली. तेव्हापासून जेवढ्यास तेवढं.

भाचा म्हणतो जगात बहुतेक लोक याला नाही म्हणतात. मला खरंच समजत नाही का. मला आत गेल्यावर कळणारच नसेल की हे खोटं आहे, तर नुकसान नक्की कुणाचं होतंय? सिरियसली विचारतोय, शहाणपणा नको.

वाचनवेडा_नौपाडा:

भाच्याने अर्धंच सांगितलंय तुम्हाला. हे मशीन रॉबर्ट नोझिक नावाच्या हार्वर्डच्या प्राध्यापकाचं, १९७४ साली त्याने एका पुस्तकात दोन-तीन पानांत मांडलं आणि पन्नास वर्षं लोक त्यावर डोकी फोडतायत. त्याच्या मूळ मांडणीत एक गंमत आहे, तुम्ही जन्मभरासाठी अडकत नाही. दर दोन वर्षांनी तुम्हाला थोडा वेळ बाहेर काढणार, पुढच्या दोन वर्षांत काय काय अनुभवायचं ते तुम्ही निवडायचं आणि परत आत. म्हणजे फसवणूकही नाही, सगळं तुमच्या मर्जीने.

आणि वहिनींच्या मुद्द्यावर त्याने आधीच पाणी टाकून ठेवलंय. तो म्हणतो इतरांनाही हवं तर आत जाता येईल, त्यामुळे त्यांच्यासाठी बाहेर थांबायची गरज नाही. सगळेच आत गेले तर मशीन चालवणार कोण, असले प्रश्न सोडून द्या म्हणतो. तरीपण तुम्ही जाणार नाही, असं त्याचं म्हणणं.

का, तर तीन कारणं देतो. एक म्हणजे आपल्याला गोष्टी करायच्या असतात, केल्यासारखं नुसतं वाटून भागत नाही. दुसरं, आपल्याला एक ठरावीक प्रकारचा माणूस व्हायचं असतं, आणि टाकीत तरंगणारा माणूस कसला आहे, शूर आहे की भित्रा, प्रेमळ आहे की खडूस, या प्रश्नाला उत्तरच नसतं. तो तर त्याला गोळाच म्हणतो. तिसरं, मशीनमध्ये माणसाने बनवलंय तेवढंच असणार, त्याच्या पलीकडचं काही तुम्हाला भेटूच शकत नाही.

मला यातलं दुसरं सगळ्यात जबरी वाटतं. वानखेडेवर सेंच्युरी मारली असं तुम्हाला वाटेल, पण क्रिकेटर तुम्ही झालेलेच नसाल. बॉल अंगावर येताना तुम्ही डोळे मिटता की नाही हे कधी ठरलंच नाही ना.

गायमुख_लोकल:

@वाचनवेडा_नौपाडा दादा, ते ठरलेलं आहे, मी डोळे मिटतो, शाळेपासून. म्हणून तर मशीन पाहिजे.

टू_बीएचके_विथ_व्ह्यू:

मी ब्रोकर आहे, घोडबंदर पट्ट्यातच काम करतो. हे मशीन आमच्याकडे केव्हाचं आहे, त्याला सँपल फ्लॅट म्हणतात. बेड नेहमीपेक्षा छोटा, कपाटाला आरसा, दारं काढून ठेवलेली, एसी फुल्ल, खिडकीच्या जागी येऊरच्या जंगलाचं पोस्टर. माणसं आत येऊन इतकी खूष होतात की काय सांगू. पण आजवर एकाने सुद्धा मला म्हटलं नाही की साहेब घर नको, या सँपलमध्येच राहू द्या. पझेशन कधी हेच विचारतात सगळे. सुख तिथे मिळतं हो, पण ज्याचं मिळतंय ती वस्तू पण पाहिजे असते लोकांना. बाकी तुमची वहिनी बरोबर आहे, सॉरी बोला.

रिव्हर्स_गिअर (ऐरोली):

वरच्या सगळ्यांना एक प्रश्न उलटा करून विचारतो. समजा आत्ता हे वाचताना दारावर एक माणूस आला आणि म्हणाला, साहेब माफ करा, आमच्याकडून घोळ झाला, तुम्ही गेली कित्येक वर्षं मशीनमध्येच आहात. ही बायको, हा ठाण्याचा फ्लॅट, ही आई, सगळं आत बनवलेलं. बाहेर तुमचं वेगळंच खरं आयुष्य आहे. इथेच राहणार की बाहेर येणार?

आता बघा, बऱ्याच जणांचे पाय अडखळतील. हे मी बनवलेलं नाही, फेलिपे द ब्रिगार्ड नावाच्या संशोधकाने २०१० साली असा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारला होता. बाहेरचं आयुष्य कसं आहे हे सांगितलंच नाही तेव्हा साधारण निम्मे बाहेर यायला तयार झाले, निम्मे नाही. बाहेर तुम्ही जेलमध्ये कैदी आहात म्हटल्यावर बहुतेक सगळे म्हणाले आम्ही इथेच बरे. आणि मजा म्हणजे बाहेर तुम्ही मोनॅकोत राहणारे करोडपती कलाकार आहात असं सांगितलं तरी निम्मे जागचे हलले नाहीत! आता खऱ्याची एवढी ओढ असती माणसाला, तर सगळे धावत सुटायला पाहिजे होते ना. करोडपती व्हायला पण नाही म्हणतात म्हणजे काय. म्हणजे आपल्याला खरं-खोटं याचं फारसं पडलेलं नसतं, जे चाललंय ते मोडायचं नसतं बस. नोझिकच्या मशीनला नाही म्हणणारे तत्त्वासाठी नाही म्हणत नाहीत, सवयीसाठी म्हणतात.

अजून एक. नंतर कुणी तरी मशीनऐवजी गोळी म्हणून हाच प्रश्न विचारून बघितला, तर गोळी घ्यायला जास्त लोक तयार झाले. सुख तेच. टाकी आणि वायरी ऐकूनच निम्मे लोक पळतात.

त्यामुळे लोकलदादा, तुम्ही निदान खरं बोललात. बाकीचे आतून तेच म्हणतायत.

नेरूळ_खाडी:

ऐरोलीकर, उलटा प्रश्न भारी आहे पण त्यातून निघतं ते तुम्ही म्हणता तेवढंच नाही. मोनॅकोला जायला लोक नाही म्हणाले कारण इथे त्यांची माणसं आहेत. ती बनवलेली आहेत असं सांगितलं तरी इतक्या वर्षांची माया एका वाक्यात सुटत नाही. याला नुसती सवय म्हणायचं?

मी जरा वेगळं सांगते. आमच्याकडे नवी मुंबईत पाम बीच रोडच्या बाजूला फ्लेमिंगो येतात हे सगळ्यांना माहीत आहे, म्युनिसिपालिटीने शहराला फ्लेमिंगो सिटी म्हणायला सुरुवात केली, भिंतींवर फ्लेमिंगो, चौकात फ्लेमिंगोचे पुतळे, सगळीकडे गुलाबी. आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये आमच्या इथल्या डीपीएस शाळेजवळच्या तलावात भरतीचं पाणी यायचं बंद झालं, तलाव सुकला आणि खरे फ्लेमिंगो मेले. भिंतीवरचे अजून मस्त आहेत, त्यांना चिखल लागत नाही, शेवाळ लागत नाही, ते कधी उडून पण जात नाहीत.

आता मशीनमध्ये मला रोज सकाळी दहा हजार फ्लेमिंगो दिसतील, मान्य. मला कळणार पण नाही. पण मग तलावात पाणी येतंय की नाही हे बघायला कोण जाणार? मी जेव्हा फ्लेमिंगो बघून खूष होते तेव्हा मला ते पक्षी जिवंत पाहिजे असतात, माझ्या डोळ्यांना गुलाबी रंग दिसला एवढ्यावर नाही भागत. तुम्ही विचारलं ना नुकसान कुणाचं. मशीनमध्ये गेलेल्या माणसाचं नसेलही. पण आत जाण्याआधी, आत्ता या क्षणी, तुम्हाला ज्याच्याबद्दल काही वाटतं ते सगळं बाहेर आहे, आणि तुम्ही म्हणताय त्याचं काही का होईना मला बरं वाटलं की झालं. वहिनींना तेच लागलं असणार.

गायमुख_लोकल:

@नेरूळ_खाडी ताई हे मात्र जरा लागलं. पण मग रोज कंटाळत, चिडत बाहेर बसून मी तरी त्यांना काय देतोय? घरी पोचेपर्यंत माझ्यात बोलायची पण ताकद नसते. खरा नवरा आहे पण सोफ्यावर पडलेला. टाकीत पडलेला काय आणि सोफ्यावर पडलेला काय.

आजोबा_राम_मारुती_रोड:

चिरंजीव, एवढा खल कशाला. आपल्याकडे आचार्यांनी बाराशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे की हे सगळं जगच मिथ्या आहे. तुम्ही ज्याला खरं म्हणता तेही मायाच. मग एका मायेतून दुसऱ्या मायेत गेलात तर बिघडलं कुठे? प्रश्नच चुकीचा आहे.

वाचनवेडा_नौपाडा:

@आजोबा_राम_मारुती_रोड काका, आदर राखून सांगतो, असं नाही होत. शंकराचार्यांच्या परंपरेत सत्तेच्या तीन पायऱ्या केल्यात ना, प्रातिभासिक, व्यावहारिक आणि पारमार्थिक. दोरीवर दिसणारा साप प्रातिभासिक, दिवा आणला की गेला. दोरी स्वतः व्यावहारिक, ती ब्रह्मज्ञान होईपर्यंत दोरीच राहते. शेवटी दोन्ही मिथ्या ठरतात म्हणून साप आणि दोरी एकाच भावाने विकायचे असं कुठल्याच आचार्याने सांगितलेलं नाही. हे मशीन म्हणजे मुद्दाम अंधार करून साप बघत बसणं झालं. वेदान्तात सगळी धडपड जागं होण्याकडे आहे, अजून गाढ झोपण्याकडे नाही. एक पायरी खाली उतरायला वेदान्त कशाला लागतो.

आजोबा_राम_मारुती_रोड:

उदाहरण मान्य. पण तुम्हा तरुणांना प्रातिभासिक वगैरे ठाऊक आहे हे पाहून बरं वाटलं. हे बरं वाटणं खरं आहे, मशीनचं नाही.

घणसोली_वाचनालय:

काकांनी आचार्य आणले तर मी बुद्ध आणतो. सगळ्यांना लहानपणी सांगितलेली गोष्ट, सिद्धार्थाला बापाने महालात ठेवलं, म्हातारपण, आजारपण, मरण काही दिसू दिलं नाही, सगळीकडे सुखच सुख. म्हणजे नोझिकचंच मशीन, फक्त वायरी नाहीत. मग एके दिवशी त्याने म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहिलं आणि घर सोडलं. सगळे म्हणतात बघा खोट्या सुखातून तो बाहेर आला.

पण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये, जे १९५७ साली त्यांच्या नंतर छापून आलं, सुरुवातीलाच या गोष्टीवर बोट ठेवलंय. की सिद्धार्थाने परिव्रज्या घेतली एकोणतिसाव्या वर्षी, मग तोपर्यंत त्याला एकही म्हातारा, एकही आजारी, एकही मेलेला माणूस दिसला नसेल हे बुद्धीला पटतं का? रोज शेकड्याने घडणाऱ्या गोष्टी आहेत या. माझ्या डोक्यात हे कायम राहिलंय. एवढा राजवाडा, एवढे नोकर, तरी मशीन एकोणतीस वर्षं लीक न होता चालूच शकत नाही.

मग त्यांनी जे कारण मांडलंय ते बघा. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण, संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने विरोध केला, बहुमत विरोधात गेलं, घरच्यांवर बहिष्कार आणि जमीन जप्त व्हायची वेळ आली, तेव्हा त्याने स्वतः देश सोडायचं कबूल केलं. म्हणजे दुःख दिसल्याचा धक्का बसून नाही, तर पाण्याच्या भांडणात एक बाजू घ्यावी लागली म्हणून. (लोकलदादा, तुमच्या सोसायटीच्या टँकरची आठवण झाली, पण जाऊ दे.) आणि यात तो रात्री गुपचूप उठून जात नाही. यशोधरेला जाऊन सगळं सांगतो, आणि ती म्हणते तुमच्या जागी मी असते तर मी पण हेच केलं असतं.

तुमचं "जाणार, बुकिंग कधी" यात आणि त्यात मला हाच फरक वाटतो. बाहेर पडायचं की आत जायचं हे नंतर, आधी घरात कुणाला विचारलं का.

गायमुख_लोकल:

नाही विचारलं. तोंडात भात होता.

फार्मा_बेलापूर:

सगळे मशीन मिळेल असं धरून चाललेत. मी एमफार्मला आहे, मला वेगळीच शंका आहे, हे मशीन जे कबूल करतंय ते देणार का?

१९५४ साली कॅनडात मॅकगिल युनिव्हर्सिटीत ओल्ड्स आणि मिलनर या दोघांनी उंदराच्या मेंदूत तार घातली आणि कळ दाबली की करंट मिळेल अशी सोय केली. उंदीर कळ दाबतच सुटले, नंतरच्या प्रयोगांत तासाला हजारो वेळा, काही प्रयोगांत तर समोर खाणं असून कळच दाबत बसले. तेव्हा सगळ्यांना वाटलं सुखाचं बटण सापडलं. पण नंतर मिशिगनच्या केंट बेरिज यांनी दाखवलं की मेंदूत हवंहवंसं वाटणं आणि प्रत्यक्ष आवडणं या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत, आणि डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचं नातं पहिलीशी जास्त आहे. म्हणजे तो उंदीर सुखात होता की नुसता "अजून एकदा, अजून एकदा" मध्ये अडकला होता हे कळ किती वेळा दाबली त्यावरून ठरत नाही.

नोझिकचं मशीन आवडणं देतं, कागदावर. आपल्या हातात आज जी मशीनं आहेत ती हवंहवंसं देतात. रात्री एक वाजता रील बघणाऱ्या माणसाचा चेहरा बघा, तो हसत पण नसतो. माझा एक मित्र रमीच्या ॲपवर पगार घालवायचा, जिंकला तरी त्याला आनंद झालेला मी बघितला नाही, लगेच पुढचा डाव. खोटं का होईना सुख तरी मिळतंय, हे वाक्यच तिथे लागू होत नाही.

आणि दुसरं म्हणजे स्विच कुणाच्या हातात. रेप्लिका नावाचं चॅटबॉटचं ॲप आहे, लोक त्यात एक सोबती बनवतात, बरेच जण प्रेमात वगैरे पडलेले. २०२३ च्या फेब्रुवारीत कंपनीने काही प्रकारचं बोलणं बंद केलं, आणि एका रात्रीत त्या सोबत्याचा स्वभावच बदलला असं लोकांना वाटलं. माणूस गेल्यासारखं दुःख केलं लोकांनी, ते खोटं नव्हतं. नोझिकच्या गोष्टीत मशीनवाले फार सज्जन आहेत हो. खऱ्या जगात ट्रायल संपली की सबस्क्रिप्शन.

रिव्हर्स_गिअर (ऐरोली):

@फार्मा_बेलापूर हे पटलं, पण तू सगळी उदाहरणं वाईटच निवडलीस. आमच्या ऐरोलीत नॅशनल बर्न्स सेंटर आहे, भाजलेल्या माणसाचं ड्रेसिंग बदलताना काय यातना होतात ते एकदा कॉरिडॉरमध्ये उभं राहून ऐकलंय, विसरता येत नाही. अमेरिकेत सिएटलला युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या लोकांनी अशा पेशंटसाठी स्नोवर्ल्ड नावाचा व्हीआर गेम बनवला, डोळ्यांवर हेडसेट, सगळीकडे बर्फ, पेंग्विनवर बर्फाचे गोळे मारायचे, आणि तेवढ्या वेळात जखमा साफ करायच्या. वेदना कमी जाणवते असं त्यांच्या अभ्यासात दिसलं. आता त्या पेशंटला कोणी जाऊन सांगणार का की बाबा वास्तवाला सामोरा जा, पेंग्विन खोटा आहे?

फार्मा_बेलापूर:

नाही सांगणार. पण तिथे बाहेर नर्स उभी आहे ना जखम साफ करायला. पेंग्विन नर्सला मदत करतोय, तिच्या जागी नाही बसवलेला. अर्ध्या तासाने हेडसेट काढणार, जखम साफ झालेली असणार. लोकलदादांची टाकी तशी नाही, तिथे परत यायचंय ते पुढचा मेन्यू निवडायलाच.

कळवा_नाका:

मी एवढा वेळ नुसती वाचत होते. माझ्या घरात असलं मशीन चालू आहे म्हणून लिहिते.

सासूबाईंना डिमेन्शिया आहे. त्यांना रोज संध्याकाळी वाटतं की त्यांचा भाऊ चिपळूणहून येतोय. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. नणंद फोनवर खरं सांगायची, की आई मामा गेले, तू स्वतः गेली होतीस की दिवसांना. तर त्यांना दरवेळी पहिल्यांदा कळल्यासारखं व्हायचं, रडायच्या, आणि तासाभराने परत विचारायच्या दादा कधी येतोय. म्हणजे दुःख तेवढं नवीन आणि खरं मात्र टिकतच नाही. डॉक्टर म्हणाले कशाला दुरुस्त करताय, भावाबद्दल बोलतं करा. आता आम्ही म्हणतो गाडी लेट आहे, तोपर्यंत मामांच्या गंमती सांगा. मग त्या आंबे चोरायची गोष्ट सांगतात, वाशिष्ठीच्या पुराची सांगतात, छान जेवतात, झोपतात. रोज तीच गोष्ट, मला आता पाठ आहे.

बाहेरदेशी तर यासाठी आख्ख्या जागा बनवल्यात. हॉलंडमध्ये वेस्प गावात द होगेवेक नावाची वस्ती आहे, २००९ पासूनची, दुकान, हॉटेल, थिएटर सगळं, आणि काम करणारे साध्या कपड्यात फिरतात. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला एका वृद्धाश्रमाच्या बाहेर बसस्टॉप केला होता जिथे बस येतच नाही, घरी जायचंय म्हणून निघालेले आजी-आजोबा तिथे जाऊन बसतात, थोड्या वेळाने विसरतात, मग कोणी तरी कॉफीला आत बोलावतं. काहींना हे फसवणं वाटतं, मला पण कधी कधी वाटतं. पण सासूबाईंना रडताना बघितल्यावर ते वाटणं बाजूला ठेवता येतं.

तर खोट्या सुखाला माझा विरोध नाही, मी रोज स्वतःच्या हाताने देते. फक्त वर जे लिहिलंय ना की मशीन चालवणार कोण हा प्रश्न सोडून द्या, ते त्या प्रोफेसरला सोडता येतं. इथे ती मी आहे. त्यांची गाडी लेट असायला कुणाला तरी खरं वेळापत्रक माहीत पाहिजे. गोळ्या कधीच्या, डायपर संपले का, मावशी येणार आहे का नाही, रात्री दाराला कडी लावली का. घरात एक माणूस आत असला की दोन माणसं पूर्ण बाहेर लागतात, त्यांना डुलकी पण काढता येत नाही. नवरा आणि मी पाळी लावतो. दोघांपैकी एक जण जरी म्हणाला की मी पण आत जातो, तर दुसऱ्या दिवशी त्यांचा भाऊ यायचा बंद होईल.

लोकलदादा, तुम्ही आत जाणार म्हटल्यावर तुमच्या बायकोच्या डोक्यात प्रेमाबिमाच्या आधी हे आलं असेल, आईंचे गुडघे आणि हप्ता आता माझ्याकडे. मला तरी तेच आलं असतं.

गायमुख_लोकल:

@कळवा_नाका ताई, हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढं पण नाही, पण हो, ऑपरेशनची तारीख मीच घेतलीये." मला माहीतच नव्हतं तारीख मिळाली ते.

टू_बीएचके_विथ_व्ह्यू:

दादा तुम्ही ऑलरेडी आत आहात.

कोपरी_पूल:

विषय सोडून विचारतोय, @कळवा_नाका ताई, माझे वडील पण असंच करतात. रोज सकाळी सहाला तयार होऊन कंपनीत जायला निघतात, ती कंपनी कधीच बंद पडली, ठाणे-बेलापूर रोडला होती. शिफ्ट चुकेल म्हणून चिडतात, दार उघडलं नाही तर हात उचलतात. आज सुट्टी आहे म्हटलं की दहा मिनिटं ऐकतात, मग म्हणतात रविवार नाही आज, पेपर दाखव. काय सांगायचं अशा वेळी? आईचं वय झालंय, ती एकटी असते सकाळी.

कळवा_नाका:

@कोपरी_पूल सुट्टी म्हणू नका, पुढे पेपर मागतात म्हणजे त्यांचं तेवढं शाबूत आहे, पकडले जाल. थेट अडवू पण नका दारात. डबा भरायला वेळ लागतोय म्हणा, बसवा, चहा द्या, कुठलं मशीन चालवायचे, सुपरवायझर कोण होता ते विचारा. आमच्याकडे असा वेळ काढला की विषय आपोआप सरकतो. नाहीच ऐकलं तर शर्ट-पँट घालून खरंच खाली घेऊन जा आणि एक चक्कर मारून परत आणा, बऱ्याचदा परत येईपर्यंत शिफ्ट झालेली असते त्यांची. खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी कायम ठेवा. दाराला वरच्या बाजूला एक जादा कडी लावा जिथे त्यांची नजर जात नाही, पण आईंना ती पटकन उघडता आली पाहिजे, काही झालं तर. आणि हात उचलणं नवीन असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा, सासूबाईंना अचानक असं व्हायला लागलं तेव्हा लघवीचं इन्फेक्शन निघालं होतं, औषधाने उतरलं. सकाळी तासभर तरी कुणी बाई लावता आली तर बघा, आईंना एकटीला नका ठेवू.